गावचं जुनं घर: दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

कोकणात पणजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर, माणसं सगळी मुंबई-पुण्याला, आणि दर गणपतीत एखादी भिंत आणखी ओली झालेली. आरती आटोपली की पडवीत विषय निघतोच. काका म्हणतात, पाडा आणि स्लॅबचं बांधा, कायमची कटकट मिटेल. आत्या म्हणते, माझ्या देखत एक चिरा हलवायचा नाही. गावातला कंत्राटदार चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो आणि तिथून पुढची सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरत राहते.

तो आकडा खरं तर सगळ्यात शेवटी लागतो. आधी चार गोष्टी बघायच्या, आणि ह्याच क्रमाने: घर कागदावर कोणाचं आहे, पाणी कुठून येतंय, जोतं आणि भिंती धड आहेत का, लाकडात किती जीव उरलाय. ह्यांची उत्तरं हातात आली की बऱ्याच घरांचा निकाल आपोआप लागतो. तो पुष्कळदा ना काकांच्या बाजूने असतो, ना आत्याच्या.

कागद

घरपट्टी तुमच्या नावाने येते म्हणजे घर तुमचं, असं नाही. घरपट्टीची नोंद असते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीत. कर कोणाकडून घ्यायचा हे ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. तलाठ्याकडचा ८अ वेगळा. तो जमिनीच्या खात्याचा उतारा. नवखी माणसं ह्या दोन आठांची हमखास गल्लत करतात. घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक बघायचं. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशी पत्रकं दिली जातात; तुमच्या गावाची मोजणी झाली का, हे पंचायतीत किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळेल. घर गावठाणाबाहेर स्वतःच्या वाडीत असेल, आणि कोकणात अशी घरं पुष्कळ, तर सातबारा काढा. त्यावर घराखालची जागा पोटखराब (म्हणजे लागवडीला निरुपयोगी), बिनशेती की नुसती बागायत दाखवली आहे, हे बघा. नवं बांधायला गेलात की पहिला प्रश्न तिथेच येतो.

मग सह्या. सामाईक घराची गळती काढायला सहसा कोणी हरकत घेत नाही. तेच घर पाडायचं म्हटलं की जिचं नावही कुणाला आठवत नव्हतं ती चुलत शाखा जागी होते, आणि कायद्याने तिचं चुकत नाही. बहिणींना धरूनच चाला. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. 'तिचं लग्न झालंय, तिची सही कशाला' हे आता चालत नाही.

सामाईक जागेवर तुम्ही एकट्याने पैसे घालून घर बांधलंत म्हणून तुमचा हिस्सा आपोआप वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा. नवं बांधायचं तर आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करून घ्या. तोंडी 'बांध रे तू, आमचं काही म्हणणं नाही' हे त्या माणसाच्या हयातीपुरतं टिकतं, त्याच्या मुलांना ते बांधत नाही. सह्या मिळण्यासारख्या नसतील तर निर्णय झालाच म्हणायचा: दुरुस्ती. पुढचं सगळं त्या दृष्टीने वाचा.

सह्या मिळणार असतील तर नियमांचं एक गणित करून बघा. जुनी घरं पुष्कळदा हद्दीला खेटून किंवा रस्त्याच्या कडेला उभी असतात. आहे तिथे दुरुस्ती केली तर ती जागा राहते. पाडून नव्याने परवानगी मागितली की आजचे नियम लागतात. मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. बाजूला आणि पुढे अंतर सोडल्यावर अरुंद गावठाणी जागेत किती उरतं, ते परवानाधारक इंजिनिअरकडून कागदावर काढून घ्या. काही ठिकाणी ते चित्र बघूनच नव्याचा उत्साह ओसरतो. समुद्र-खाडीच्या काठी घर असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियमही आले. बांधकामबंदीच्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई निर्देशांक (जागेच्या मानाने एकूण बांधकाम, म्हणजे एफएसआय) पूर्वी होता तेवढाच ठेवून. म्हणजे खाली पार्किंग आणि वर दोन मजले होमस्टे, हे स्वप्न तिथे बसत नाही. अशा घराचं जुनं अस्तित्व दाखवणारे असेसमेंटचे उतारे आणि वीजबिलं जपून ठेवा. घर एकदा पाडलं की ते तिथे होतं हे सांगायला कागदच उरतात.

घर बघायचं तर पावसात

बरेच लोक मे महिन्यात, आंबे खायला जातात तेव्हा इंजिनिअरला बोलावतात. मे महिन्यात सगळीच घरं चांगली दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी करा, ते नाहीच जमलं तर गणपतीच्या सुट्टीतला एक दिवस काढा. बॅटरी, खडू, ओळंबा आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरे.

जुनी घरं वयाने पडत नाहीत, पाण्याने पडतात. म्हणून आधी पाण्याच्या वाटा शोधायच्या. डाग वरून सुरू होऊन खाली निमुळता होत असेल तर गळती छपराची. तुटलेलं कौल, सरकलेला कोना (आढ्यावरचं कौल) किंवा दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ. हे स्वस्तातलं दुखणं. डाग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्ट्यासारखा असेल, वर पांढरी पूड धरली असेल, म्हणजे भिंतीला लोणा लागला असेल, तर पाणी खालून चढतंय. हे जरा कठीण, पण तेवढ्यावरून घर पाडायची गरज नाही. आधी घराला बाहेरून एक फेरी मारा. मागच्या बाजूला डोंगराची माती घसरत येऊन भिंतीला टेकली आहे का? वळचणीच्या पागोळ्या पडतात तिथे चर आहे की पाणी भिंतीच्या मुळाशीच मुरतंय? न्हाणीचं पाणी कुठे जातं? मागची माती फूटभर खाली उतरवून दगडी गटार काढलं आणि पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली, असं होतं. आधी गटार, मग वाट बघणं, मग बाकीचा खर्च.

ह्यात एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरची असते. पूर्वी चार पायऱ्या चढून पडवीत जावं लागायचं. रस्त्यावर खडी, मग डांबर, मग काँक्रीट असे थर चढत गेले आणि आता रस्ता पडवीच्या पातळीला किंवा वर आहे. अशा घरात दर पावसात रस्त्याचं पाणी आत येणार. जोतं उचलता येत नाही. चर आणि उंबऱ्याजवळची बुटकी भिंत घालून काही वर्षं निघतात, पण घराच्या तिन्ही बाजू उंच झाल्या असतील तर मी सरळ नवं, उंच जोत्याचं घर बांधा असं सांगतो. पूररेषेतल्या घरांचंही तेच. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतीवर करून ठेवल्या आहेत. तुमच्या घरात अशी खूण असेल तर तिची जमिनीपासूनची उंची मोजा आणि इंजिनिअरला पहिल्यांदा तीच सांगा.

भिंती

जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत कडक होत जातो. सुक्या जांभ्याची भिंत शंभर वर्षं उभी राहते. सतत भिजणारा चिरा मात्र झिजतो, नखाने खरवडला तर भुगा हातात येतो. खालच्या दोन-तीन थरांना हे झालं असेल आणि वरची भिंत सरळ असेल तर टेकू देऊन थोड्या थोड्या लांबीत खराब चिरे काढून नवे बसवता येतात. हे काम जुन्या हाताच्या गवंड्याचं, आणि असा गवंडी आज मिळणं हीच खरी अडचण. आधी गवंडी शोधा, मग ठरवा.

तडे बघताना त्यांची दिशा बघा. दाराच्या, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर जाणारा तडा पाया एका बाजूने बसल्याचं सांगतो. उभा तडा दोन भिंतींच्या सांध्यात असेल तर जुनी आणि नंतर जोडलेली खोली सुटी होतेय, एवढंच. खरा प्रश्न तडा किती मोठा आहे हा नसून तो वाढतोय का, हा आहे. तड्यावर आडवी काचेची छोटी पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, झोपलेला, भरून टाका. पट्टी तुटली तर इंजिनिअरला पायाजवळ खड्डा घेऊन बघायला सांगा.

ओळंबा सोडा. भिंत किंचित कललेली असणं जुन्या घरात नवल नाही. कल भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ गेला असेल किंवा भिंतीने मध्येच पोट काढलं असेल तर मात्र त्या खोलीत झोपू नका आणि पुढचा निर्णय जाणकारावर सोडा.

दुरुस्तीत नेहमी होणारी एक चूक आधीच सांगतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या ओल्या भिंतीला लोक आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात, वर ऑइलपेंट. ओल आत कोंडते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेने बाहेर पडते, म्हणजे लोण्याचा पट्टा नाहीसा व्हायच्या ऐवजी फूटभर वर सरकतो. दोन वर्षांत गिलावा पापुद्र्याने सुटतो, आणि मग 'बघा, जुनं घर, कितीही करा' असं म्हणून पाडायचा ठराव होतो. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा द्या, किंवा चांगला चिरा असेल तर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरून उघडीच ठेवा.

लाकूड आणि छप्पर

माळ्यावर स्वतः चढा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक तुळईवर, खांबावर ठोका; भरीव आवाज आणि पोकळ आवाज ह्यांतला फरक कोणालाही कळतो. शंका आली तिथे टोक खुपसून बघा. तुळईचा मधला भाग बहुतेकदा धडधाकट असतो. सडतं आणि वाळवी लागते ती भिंतीत गाडलेल्या टोकांना, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. टोक गेलं म्हणून अख्खी तुळई बाद करायची नाही. सुतार टोक कापून जोड देतो, किंवा खाली लोखंडी बेचकं नाहीतर भिंतीलगत खांब देऊन भार उचलतो. वासे आणि रिपा बदलणं हे तर दर काही वर्षांचं कामच आहे, त्याचं दडपण घेऊ नका. आढं, तुळया आणि मधले खांब सागाचे, शिसवीचे किंवा फणसाचे असून त्यांतले बहुतेक ठणठणीत निघाले, तर घर राखण्याच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. तशा मापाचं लाकूड आज विकत घ्यायला गेलात की कळेल. स्वतःच्या आवारातला साग किंवा फणस तोडून वापरायचा विचार असेल तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आधी वनखात्याची परवानगी लागते.

छपराबद्दल गावात तीन मतं असतात. कौलं राखा म्हणणाऱ्यांचं घर उन्हाळ्यात गार असतं, पण माकडांची टोळी फिरली की दर महिन्याला शाकारणी. पत्रे घालणाऱ्यांना माकडं परवडतात, मात्र दुपारी आत बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. तिसरा पर्याय अलीकडे सगळीकडे दिसतो: लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि वर जुनीच मंगलोरी कौलं. वाळवीचा प्रश्न सुटतो, मला तो बहुतेक घरांसाठी पसंत आहे. समुद्राजवळ मात्र साधा पाइप लवकर गंजतो, गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि वेल्डिंगच्या जागा पुन्हा रंगवा.

कुठलंही छप्पर घाला, ते भिंतीला बांधा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली. वारा वळचणीखाली शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला आणि पाट भिंतीत खोल गेलेल्या लोखंडी सळईला जखडायला हवा. पत्रे असतील तर कडेच्या दोन ओळींना हुक दुप्पट. हा खर्च एकूण कामात नगण्य आहे आणि कंत्राटदार तो आपणहून धरत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते फोडू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, अख्खे उतरवा, नाकातोंडाला मास्क लावा.

देशावरचं दगडमातीचं घर

मराठवाड्यात आणि देशावर जाड दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत माती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असलेली घरं आहेत. त्यांच्याबाबत माझा सल्ला जास्त कडक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः अशाच घरांत. दोन-अडीच फूट जाड दिसणारी भिंत प्रत्यक्षात दोन सुट्या थरांची असते, मध्ये माती आणि खडे. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा मातीचा कित्येक टन भार थेट खाली येतो. गळती थांबवायला दरवर्षी वर नवी माती टाकत गेलेलं माळवद तर आणखी जड.

असं घर राखायचंच असेल तर तीन कामांशिवाय राखू नका: वरची माती उतरवून हलकं छप्पर, भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड किंवा त्या जागी काँक्रीटचे सांधे, आणि चारही भिंतींना एकत्र बांधणारा सलग पट्टा. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात हजारो घरं ह्याच पद्धतीने मजबूत केली गेली, आणि त्यासाठी भारतीय मानकंही आहेत, आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५. इंजिनिअरला हे क्रमांक सांगून बघा. त्याने ते आधी वापरलेत की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेल. ही कामं परवडणार नसतील तर पाडा. कोयनेच्या आसपासच्या पट्ट्यातल्या दगडमातीच्या घरांनाही हेच लागू. १९६७ चा भूकंप तिथल्या जुन्या माणसांना अजून आठवतो.

काळ्या मातीवरच्या घरांचे तडे उन्हाळ्यात उघडतात आणि पावसात मिटतात. माती आकसते-फुगते, म्हणून. काचपट्टी वर्षभर ठेवायची ती त्यासाठीच.

आणि ऐंशीच्या दशकातला स्लॅब

जुनं घर म्हटलं की डोळ्यांसमोर वाडा येतो, पण मला जास्त काळजी वाटते ती गावात पहिल्यांदा आलेल्या स्लॅबच्या घरांची. तेव्हा कुठेकुठे खाडीची वाळू वापरली गेली, सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ राहिलं, गच्चीला उतार नाही. आज छताचे पापुद्रे पडतात आणि गंजलेल्या सळया दिसतात. सळई गंजली की फुगते आणि उरलेलं काँक्रीट फोडते, म्हणून नुसतं खालून प्लास्टर मारणं म्हणजे दुखणं झाकणं. छताला हातोडीने हलकेच ठोकून बघा, पोकळ वाजणाऱ्या जागी खडूने गोल करा. गोल थोडे आणि एका कोपऱ्यात असतील तर दुरुस्ती होते: सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, गरज तिथे नवी जोडून, मग पॉलिमर मॉर्टर. अर्ध्याहून जास्त छत पोकळ वाजत असेल, सळया बारीक झाल्या असतील किंवा स्लॅब मध्ये वाकला असेल तर तो स्लॅब काढणंच बरं. शंभर वर्षांचं चिऱ्याचं घर राखा आणि चाळीस वर्षांचं स्लॅबचं पाडा, असा सल्ला द्यायची वेळ पुष्कळदा येते, आणि लोकांना तो पटत नाही.

आता चौरस फूट

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर पाडा, असा एक ठोकताळा गावोगाव सांगितला जातो. त्यातला घोटाळा असा की तुलना कशाशी चाललीय ते कोणी विचारत नाही. जुनं घर दीड हजार चौरस फुटांचं, तुम्हाला गरज सातशेची. मग सातशे फुटांच्या नव्या घराशी दीड हजार फुटांच्या दुरुस्तीची तुलना करायची का? आधी हे घर कशाला हवं आहे ते ठरवा. वर्षातून दोनदा येणं, आईवडिलांनी कायम राहणं, निवृत्तीनंतर स्वतः येणं, होमस्टे, ह्या चारांचे चार वेगळे हिशोब होतात.

मग दोन्ही बाजूंचे अंदाज मागा आणि त्यांत जे लिहिलेलं नसतं ते स्वतः भरा. नव्याच्या अंदाजात पाडकाम, डबर उचलून नेणं, परवानगीचा आणि नकाशाचा खर्च, बांधकाम चालू असताना सामान ठेवायची आणि राहायची सोय, नवी वीजजोडणी हे बहुतेक नसतं. घरापर्यंत पाखाडीच (पायऱ्यांची पायवाट) असेल, ट्रक येत नसेल, तर वाळू-खडी-सिमेंट डोक्यावरून आणण्याची मजुरी वेगळी धरा. हा खर्च माणसांना चक्रावून टाकतो. आणि कोकणात स्लॅब घालणार असाल तर त्याच्यावर चार-पाच वर्षांत जी पत्र्याची शेड उभी राहते तिचाही खर्च आजच धरा. गावातल्या स्लॅबच्या घरांवर नजर टाका, शेड नसलेली किती दिसतात बघा.

दुरुस्तीच्या अंदाजात लपलेलं असतं ते उघडल्याशिवाय न दिसणारं: गिलाव्यामागचा पोकळ चिरा, तुळईचं सडकं टोक. म्हणून मी दुरुस्तीच्या आकड्यात पाव हिस्सा जास्तीचा धरायला सांगतो, नव्यात दहावा हिस्सा पुरतो. वायरिंग दोन्हीकडे नवीनच धरा. जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरी ठेवून घर रंगवणं म्हणजे पैसे वाया घालवणं; अर्थिंग आणि वीजगळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच हवाच.

कर्ज काढणार असाल तर दोन मुद्दे. गावठाणातल्या घराला मालमत्ता पत्रक नसेल तर बँका कां-कूं करतात. आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घराच्या बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावर वर्षाला २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते, पण दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावर ती ३० हजारांवरच थांबते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट मुळातच नाही.

सल्ला कोणाचा घ्यायचा, हे इथेच सांगतो. जो बांधणार आहे त्याला 'पाडू का' असं विचारू नका. वेगळी फी देऊन एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, तो लेखी देईल असा. त्याच्या जोडीला गावातला जुना सुतार. पुस्तकी हिशोब एकाकडे असतो आणि ह्या घराची आठवण दुसऱ्याकडे. कुठल्या वर्षी कुठली भिंत कोणी घाईत बांधली हे सुतारच सांगेल.

मधला मार्ग

बहुतेक कोकणी घरांत मूळ माजघर, ओटी आणि देवघर मजबूत असतं. कुजलेलं असतं ते मागचं: नंतर जोडलेली पडवी, स्वयंपाकघर, न्हाणी. ते कमी खर्चात बांधलेलं आणि पाण्याचा वापर सगळा तिथेच. म्हणून मागचा भाग पूर्ण पाडा, तिथे स्वतंत्र पायावर नवं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि हवी तर एक स्लॅबची खोली बांधा, आणि पुढचं घर दुरुस्त करा. दोन गोष्टी पाळा. नवा पाया जुन्या भिंतीच्या पायाला खेटून खोल खणायचा नाही, जुनी भिंत बसते. आणि नवं-जुनं एकमेकांत गुंफायचं नाही. मध्ये सांधा सोडा आणि त्याच्यावर पन्हळ, कारण दोन्ही बांधकामं वेगवेगळी हलणार. सगळी ओली कामं नव्या भागात गेली की जुन्या भिंती सुकायला लागतात. वयस्कर माणसांसाठी घरातच संडास हवा, ह्या सगळ्यात रास्त मागणीसाठी लोक अख्खं घर पाडतात, तेही टळतं.

पाडायचं ठरलंच तर

कुदळ लागण्याआधी घराचे आतून-बाहेरून फोटो आणि मापं घ्या, पंचायतीला लेखी कळवा, पोच घ्या, वीजमीटर रीतसर उतरवा. मग लाकडाची यादी करा: तुळई किती, लांबी-रुंदी-जाडी किती, दारं-चौकटी किती, कडीपाटाच्या फळ्या किती. 'पाडकाम फुकट करून देतो, सामान आमचं' असं म्हणत येणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो. जुना साग घनफुटावर विकला जातो, आणि एका चांगल्या माजघराच्या लाकडात पाडकामाची मजुरी निघून वर पैसे उरतात. आधी यादी, मग दोन-तीन व्यापाऱ्यांचे भाव, मग सौदा. नव्या घरात वापरायच्या चौकटी आणि खांब बाजूला काढून त्यांवर खूण करा. चांगले चिरे आणि कौलंही रचून ठेवा. कंपाउंडला, गटाराला, मांगराला (शेतावरच्या खोपीला) लागतात.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात चिऱ्याच्या खाणी बंद असतात, मजूर भातशेतीत. मेअखेर, म्हणजे मिरगाआधी, छप्पर चढलंच पाहिजे असं करारात लिहा आणि शेवटचा मोठा हप्ता त्याच्याशी बांधा. दुरुस्ती असली तरी वेळापत्रक हेच, फक्त छप्पर उघडायचं ते एकेका खणाचं. पैसे झालेल्या कामाप्रमाणे द्या, तारखेप्रमाणे नको.

सह्या अडल्यात, पैसे जमले नाहीत, घरात एकमत होत नाही, तर घाई करू नका, पण घर तसंच सोडूनही देऊ नका. बंद घर दोन-तीन पावसाळ्यांत हाताबाहेर जातं. कोने बसवून घ्या, गळक्या जागी कौलांखाली जाड प्लास्टिक सरकवा, मागचं गटार मोकळं करा, भिंतीवर चढलेला पिंपळ मुळासकट काढा, वाळवीचं औषध मारा, आणि शेजारच्या कोणाला तरी महिन्याचे काही पैसे देऊन आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडायला सांगा. एवढ्याने दोन-तीन वर्षं मिळतात, आणि तोवर काचपट्ट्यांचं उत्तरही आलेलं असतं.